सर्व अटी वाचल्या आहेत

"‘महत्त्वाची’मध्ये दोन ‘त’ असतात," टिंबकाका स्क्रीनला म्हणाले.

आतल्या खोलीतून काकूंचा आवाज आला. तो अलीकडे इतका हळू झाला होता की ऐकायला टिंबकाकांना श्वास धरावा लागायचा. "मिळाला का नंबर?"

"थांब गं. अजून दारातच आहे मी."

दार म्हणजे एक पांढरी चौकट. औषध कंपनीचं संकेतस्थळ उघडल्याबरोबर ती खालून सरकत वर आली होती आणि अर्ध्या पानावर पसरून बसली होती. ‘आपली गोपनियता आमच्यासाठी महत्वाची आहे.’ एवढ्याशा वाक्यात दोन चुका. खाली एक ठसठशीत हिरवं बटण, ‘सर्व मान्य’. शेजारी जेमतेम दिसणारं एक राखाडी, ‘पर्याय पाहा’. आणि सगळ्यात तळाला, मुंगीएवढ्या अक्षरांत, आमचे तीनशे बारा भागीदार आपल्या माहितीचा वापर कसा करतात ते वाचण्यासाठी इथे दाबा.

टिंबकाकांनी तिथे दाबलं. ‘वाचण्यासाठी’ असं कुणी लिहून ठेवावं आणि आपण न वाचता पुढे जावं, हे त्यांच्याच्याने होत नसे.

छापखान्यात छत्तीस वर्षं ते मुद्रितं तपासायला बसले होते. पाठ्यपुस्तकं, वेळापत्रकं, लग्नपत्रिका, बिस्किटांचे पुडे, जे छापायला येईल ते. एकही अनुस्वार त्यांच्या नजरेतून सुटत नसे, म्हणून खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यांनी त्यांना ‘टिंब’ म्हणायला सुरुवात केली. वय वाढलं तसं त्याला ‘काका’ चिकटलं आणि खरं नाव फक्त कागदोपत्री राहिलं. बायकोलाही शेजारीपाजारी काकूच म्हणत. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी टिंबकाका साबणाचं वेष्टनसुद्धा दोन्ही बाजूंनी वाचूनच टाकायचे.

आजचं काम मात्र घाईचं होतं. काकूंचे हातपाय आखडण्याचं दुखणं गेल्या वर्षभरात फार वाढलं होतं. ज्या बाईनं शंभरेक मुलींना शिवण शिकवलं, तिला स्वतःच्या स्वेटरचं बटण लावता येईना. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी नवी गोळी दिली आणि काकू भिंतीला न धरता स्वयंपाकघरापर्यंत गेल्या. पण ती गोळी दुकानात मिळत नव्हती. कंपनी दर महिन्याला दोनशे रुग्णांना ती थेट घरी पाठवायची, आणि त्यासाठी एक तारखेला सकाळी दहा वाजता संकेतस्थळावर नाव नोंदवायचं होतं. डॉक्टरांकडच्या पाकिटातल्या आता नऊ गोळ्या उरल्या होत्या. दिवसाला एक.

टिंबकाका दहाला पाच कमी असतानाच बसले होते. एकोणिसाव्या भागीदारापर्यंत ते पोचले आणि यादी नाहीशी झाली. ‘बराच वेळ हालचाल न झाल्यामुळे आपले सत्र संपले आहे.’

"हालचाल कशी नाही? वाचतोय ना मी!" ते उठले, खिडकीपर्यंत गेले, परत येऊन बसले. दहा वाजून अकरा मिनिटं.

दुसऱ्यांदा त्यांनी मन घट्ट करून ‘सर्व मान्य’ दाबलं. चौकट गेली आणि दुसरी आली. आम्ही आपल्याला सूचना पाठवू का? त्यातला ‘सू’ ऱ्हस्व होता. तिसरी आली. आमचं ॲप घ्या. चौथी उजव्या कोपऱ्यातून टुणकन उडी मारून आली, तिच्यात एका हसऱ्या बाईचं चित्र. ‘नमस्कार! मी आपली आरोग्यमैत्रीण. काय मदत करू?’

टिंबकाकांना बरं वाटलं. कुणीतरी माणूस भेटलं. त्यांनी एकेक अक्षर शोधत टाइप केलं: ‘स. न. वि. वि. माझ्या पत्नीस आपल्या कंपनीच्या गोळीची नितांत आवश्यकता आहे. नोंदणीचे पान कोठे आहे, हे कृपया कळवावे. कळावे, लोभ असावा.’

बाईनं लगेच उत्तर दिलं. ‘माफ करा, मला समजलं नाही. आपल्याला सांधेदुखीचं मलम हवं आहे का?’

"अहो?" आतून आवाज.

"आलो, आलो. होतंय."

दहा चोवीसला त्यांना नोंदणीचं बटण दिसलं. त्यांनी बाण तिकडे नेला तोच पडदा काळवंडला आणि मधोमध मोठी चौकट उभी राहिली. ‘आमच्या आरोग्यपत्रिकेचे सदस्य व्हा!’ खाली भगभगीत बटण, ‘हो, मला व्हायचे आहे’. त्याखाली दुसरं, बारीक: ‘नको, मला माझ्या माणसांच्या आरोग्याची पर्वा नाही.’

टिंबकाकांचा हात थांबला.

त्यांनी ते पुन्हा वाचलं. व्याकरण निर्दोष होतं. या पानावरचं पहिलंच बिनचूक वाक्य, आणि त्याखाली आपण अंगठा उठवायचा होता. सदस्य व्हायचं तर ईमेल हवा, पासवर्ड हवा, आणखी सहा रकाने. नाही व्हायचं तर हे कबूल करा. फुली कुठे दिसेना. ते मागे टेकले, पुढे झुकले, चष्मा पुसला. आत पलंग करकरला. काकू स्वतःहून उठायचा प्रयत्न करत असाव्यात. टिंबकाका निम्मे उठले आणि परत बसले. मग त्यांनी ईमेलचा रकाना भरायला घेतला.

त्यातून बाहेर पडले तेव्हा दहा बेचाळीस झाले होते. नोंदणीच्या पानावर एकच ओळ होती. ‘या महिन्याच्या सर्व जागा भरल्या आहेत. आपल्या प्रतिसादाबद्दल आभार.’

आत जाऊन ते पलंगाच्या कडेला बसले. काकूंनी विचारायच्या आधीच म्हणाले, "आज त्यांचं काहीतरी बिघडलंय. परत उघडणार आहेत."

"कधी?"

"उघडतील."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. दुपारी टिंबकाका गोळ्यांची डबी उचलायला गेले तर कप्प्यात एक अर्धी गोळी पडलेली. शेजारी भाजीची सुरी. त्यांच्या पाठीमागे काकूंनी गोळी कापायला सुरुवात केली होती. त्या आखडलेल्या हातांनी ती कशी कापली असेल, याचा विचार करत ते डबी हातात धरून कितीतरी वेळ उभे राहिले.

संध्याकाळी लेक आली. ती शहरात बस चालवायची. पाळी संपवून, गणवेशातच, पाणीसुद्धा न पिता तिनं आईचे हात चोळायला घेतले. मग बाहेर येऊन वडिलांचं सगळं ऐकून घेतलं.

"बाबा, तीनशे बारा भागीदार? तुम्ही ते वाचत बसलात?"

"सगळे नाही वाचले. एकोणीसच झाले."

"अहो, ते वाचायचं नसतं! फुली शोधायची आणि बंद करायचं. जगात कुणी वाचत नाही ते."

"वाचायचं नसतं तर लिहितात कशाला?"

"तुम्ही वाचू नये म्हणूनच लिहितात." ती चिडली होती. तिचा आवाज चढला आणि मग आतल्या खोलीकडे बघून उतरला. "बाबा, आठ दिवसांच्या गोळ्या आहेत. ती अर्ध्या घेतेय म्हणजे सोळा दिवस नाही होत. अर्धीनं काहीच होत नाही तिला."

टेबलाच्या कडेचा सुटलेला पत्रा टिंबकाका नखानं वर करत होते आणि दाबत होते.

लेकीनं लॅपटॉप ओढला. टक, टक, टक, तिनं चौकटी अशा उडवल्या जशा काचेवरच्या माश्या. मिनिटाभरात ती एका कोपऱ्यातल्या सूचनेपर्यंत पोचली. न वापरलेल्या जागा परवा सकाळी दहाला पुन्हा खुल्या होणार होत्या. फक्त अकरा.

"परवा दहाला मी स्टेअरिंगवर असणार," ती म्हणाली. "रजा मागितली असती, पण दोघं आधीच रजेवर आहेत. साहेब सोडणार नाहीत. तुम्हालाच करायला लागेल."

"करीन."

"आत्ता करून दाखवा."

तिनं एका बातम्यांच्या संकेतस्थळावर त्यांना सराव दिला. पहिल्या खेपेला नऊ मिनिटं लागली. दुसऱ्यांदा सात. टिंबकाका ठरवून फुलीकडे बघायचे, पण डोळे आपसूक पहिल्या ओळीकडे वळायचे आणि एकदा पहिली ओळ धरली की शेवटच्या टिंबापर्यंत सुटका नसे. लेक कपाळाला हात लावून बसली.

आतून काकूंचा आवाज आला. दोघं ऐकायला गप्प झाले.

"त्यांचा चष्मा काढून घे."

लेक आधी हसली. मग तिनं खरंच वडिलांच्या नाकावरचा चष्मा उचलला. टिंबकाकांना समोर नुसते रंगांचे ठोकळे दिसू लागले. अक्षरांच्या जागी धूर. तिसऱ्या खेपेला त्यांनी तीन चौकटी दीड मिनिटात बंद केल्या, आणि आपल्याला नक्की काय वाटतंय हे त्यांना कळेना.

लेक गेल्यावर ते घरभर येरझारा घालत राहिले. काकूंना माहीत होतं ते कुठे फिरतायत ते. लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. परीक्षेचं वेळापत्रक छापायला आलं होतं. चार पानं, नुसते आकडे. त्या संध्याकाळी दोघांना नाटकाला जायचं होतं. छापखान्याच्या फाटकाशी काकू नवी साडी नेसून उभ्या होत्या आणि दर दोन मिनिटांनी आत डोकावून मनगटावरचं घड्याळ दाखवत होत्या. टिंबकाकांनी शेवटचं पान वरवर पाहिलं, खाली ‘वाचले’ असं लिहून सही केली आणि निघाले. त्या पानावर सकाळी ११ चं १ झालेलं होतं. शाळांनी बहुतेक ठिकाणी चूक पकडली. एका मुलीला कुणी सांगितलं नाही. पंधरा दिवसांनी ती वेळापत्रक हातात घेऊन छापखान्यात आली. रडली नाही, भांडली नाही. "दादा, हे कुणी वाचलं होतं?" एवढंच विचारलं. टिंबकाका म्हणाले, "मी." तिनं मान हलवली आणि गेली. तिचं वर्ष गेलं ते गेलंच.

त्यानंतर त्यांनी न वाचलेल्या कागदावर कधी सही केली नव्हती. घराच्या करारनाम्याच्या वेळी समोरचा माणूस तीन तास ताटकळला होता. हॉस्पिटलात लेकीच्या वेळी संमतीपत्र वाचताना नर्स ओरडली होती. त्यावर नवराबायको कधी बोलले नाहीत. काकू फक्त थांबायला शिकल्या.

परवाची सकाळ उजाडली. काकूंना उठवून टेबलापाशी आणून बसवायला वीस मिनिटं लागली. अर्ध्या गोळीचा तो तिसरा दिवस होता आणि त्यांचे गुडघे लाकडासारखे झाले होते. त्यांचा फोन त्यांच्या पुढ्यात, कारण सांकेतिक आकडा त्याच्यावर येणार होता. डोळे मात्र अजून लख्ख होते.

नऊ एकोणसाठला टिंबकाकांनी चष्मा काढून काकूंपुढे ठेवला.

"सांगा बाईसाहेब."

"आली. हिरवं दाबा."

त्यांनी दाबलं.

"आता वर उजवीकडे फुली. आणखी वर. हं." काकूंना वाक्याच्या मध्ये दम घ्यावा लागत होता. "ती हसरी आली. तिच्या डोक्यावर फुली आहे."

"गेली?"

"गेली. नोंदणी दिसतंय, निळं, मधोमध. दाबा… थांबा, नका दाबू. मोठी आली एक."

काळोखी चौकट टिंबकाकांना धुरातूनही ओळखता आली. रंग ओळखीचा होता. भगभगीत पट्टा वर, खाली काहीतरी बारीक.

काकू वाचत होत्या. त्यांचे ओठ किंचित हलले. मग त्या म्हणाल्या, "खालचं दाबा. राखाडी."

"काय लिहिलंय?"

"काही नाही. ‘नको’ लिहिलंय नुसतं."

टिंबकाकांना तिथे काय लिहिलंय ते पाठ होतं. त्यांनी बायकोच्या दिशेनं पाहिलं. तिचा चेहराही धुरातच होता. त्यांनी राखाडी दाबलं.

फॉर्म उघडला. कोपऱ्यात लाल आकडे उलटे पळू लागले. काकू रकाने वाचून सांगत होत्या आणि टिंबकाका अक्षरं न बघता, दोन दिवसांत बोटांना लावून घेतलेल्या सवयीनं टाइप करत होते. नाव, वय, डॉक्टरांचा क्रमांक. फोन वाजला. काकूंनी आकडा वाचला, मध्येच अडखळल्या, पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"किती राहिली?"

"जागा चार. वेळ दोन मिनिटं. आता एक चौकोन आहे, त्यात खूण करायची."

"कसला चौकोन?"

मघाचं खोटं सोपं होतं. हे काकूंच्यानं होईना. त्यांनी आहे तसं वाचून दाखवलं. "‘मी वरील सर्व अटी वाचल्या असून त्या मला मान्य आहेत.’"

टिंबकाकांनी माऊसवरचा हात उचलला.

"किती पानं आहेत?"

"बरीच आहेत."

"मी वाचलेल्या नाहीत."

"ठाऊक आहे मला."

"अगं, मी वाचलेल्या नाहीत!" त्यांचा आवाज चिरका झाला. त्यांनी चष्म्यासाठी टेबलावर हात फिरवला. काकूंनी आपली आखडलेली मूठ कशीबशी उचलून चष्म्यावर ठेवली.

"जागा तीन," त्या म्हणाल्या. "ऐका माझं. अर्ज माझ्या नावाचा आहे. वाचलं म्हणून सांगणारी मी. माझं बोट चालत नाही म्हणून तुमचं घेतलंय. खोटं माझं." त्यांनी दम घेतला. "आणि त्या दिवशीसुद्धा घाई माझीच होती. तुम्ही ती चूक इतकी वर्षं एकट्यानं वागवलीत."

लाल आकड्यांत आता मिनिट उरलं नव्हतं.

"कुठे आहे चौकोन?"

"डावीकडे. थोडा खाली. तिथेच."

त्यांनी खूण केली. मग काकूंनी सांगितलं तिथे शेवटचं बटण दाबलं. एक चक्र फिरत राहिलं. किती वेळ, ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

"आला," काकू म्हणाल्या. "नंबर आला. एकशे अठ्ठ्याण्णव."

टिंबकाका उठले, मोरीत गेले आणि नळ सोडून हात धूत बसले. बाहेर आले तेव्हा काकू मूठ उघडायची खटपट करत होत्या. त्यांनी तिची बोटं एकेक करून सोडवली आणि चष्मा काढून घेतला. लेकीला नंबर कळवला. तिनं बस थांब्यावर उभी असताना एक अंगठा आणि सतरा हृदयं पाठवली.

दुसऱ्या दिवसापासून काकूंच्या फोनवर लोक येऊ लागले. गुडघ्याचे पट्टे, ऐकण्याची यंत्रं, केस वाढवणारं तेल, एका विमावाल्याचा दिवसातून चारदा आवाज. तीनशे बारा भागीदारांना घरचा पत्ता लागला होता. लेक म्हणाली, सगळे ब्लॉक करून टाकते. टिंबकाका म्हणाले, "असू देत. आपणच हो म्हटलंय." पण फोन वाजला की ते दचकायचे, आणि काकू आता पूर्ण गोळी घेतायत ना, हे डबी उघडून दिवसातून तीनदा बघायचे. अटींचं पान त्यांनी दोनदा शोधलं. नोंदणी झालेल्याला ते परत दिसत नव्हतं.

डबीतली शेवटची गोळी संपली त्या दिवशी खोकं आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. टिंबकाका जिन्यात जाऊन उभे राहायचे, वर यायचे, पुन्हा जायचे. काकूंना कूस बदलायलाही हात द्यावा लागत होता. तिसऱ्या दिवशी दुपारी खालून हाक आली आणि ते अनवाणीच धावले.

खोकं पुस्तकाएवढं होतं. त्यांनी ते पलंगावरच फोडलं, पट्टी काढली, एक गोळी काकूंच्या तळहातावर ठेवली आणि पाण्याचा पेला त्यांच्या दुसऱ्या हाताला लावून, खालून आपल्या हाताचा आधार दिला. तेवढ्यात खोक्यातून एक कागद घसरला. आठ घड्यांचा, पातळ, दोन्ही बाजूंनी खच्चून भरलेला. टिंबकाकांनी तो बाजूला सारला. "घे तू. नंतर बघतो."

काकूंनी गोळी तोंडाकडे नेली नाही.

"वाचा," त्या म्हणाल्या.

"अगं, तीन दिवस झाले. आधी घे."

"वाचा तुम्ही. आहे मी."

टिंबकाकांनी पेला उशीजवळच्या स्टुलावर ठेवला. खिडकीशी जाऊन कागद उलगडला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. बोट हळूहळू खाली सरकू लागलं. उजव्या बाजूचा उन्हाचा पट्टा पलंगाच्या पायापर्यंत आला. काकू उघड्या तळहातावर ती पांढरी गोळी घेऊन बसल्या होत्या. हात थरथरत होता आणि गोळी पडू नये म्हणून त्यांनी तो दुसऱ्या हातानं खालून धरला होता.

टिंबकाकांनी शेवटची ओळ वाचली आणि कागदाची घडी घालायला घेतली.

"मागेही लिहिलंय वाटतं," काकू म्हणाल्या.

त्यांनी कागद उलटला.